फोटोत हेडिंग नव्हतं

डिसेंबर २०२३. पुण्यात ऑफिसमध्ये सकाळची मीटिंग चालू होती आणि सेनगावहून काकांचा व्हॉट्सॲप आला. एका जुन्या कागदाचा फोटो. पिवळा पडलेला कागद, आधी आडवी रेघ मारून तिच्याखाली सलग लिहीत गेलेली मोडी. खाली काकांचा व्हॉइस मेसेज : "तू एवढा इंजिनिअर झालास, हे वाचून सांग बरं. पणजोबाचं नाव हाय म्हणतेत त्यात. त्याच्याम्होरं काय लिवलंय तेवढं बघ."

मी काय केलं असेल? तुम्ही केलं असतं तेच. फोनमधल्या ॲपला फोटो दाखवला. त्यानं मोडीला देवनागरी समजून चार निरर्थक शब्द फेकले. दुसरं ॲप लावलं, त्याला तर ती लिपी गुजराती वाटली. आठ वर्षं कोड लिहिणारा, घरात 'कॉम्प्युटरवाला' म्हणून ओळखला जाणारा मी, स्वतःच्या पणजोबांच्या नावापुढचं एक अक्षर वाचू शकत नव्हतो.

त्या दिवसांत मराठवाड्यात असे फोटो हजारो फोनमधून फिरत होते. २९ ऑगस्ट २०२३ला जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मनोज जरांगे पाटलांचं उपोषण सुरू झालं, १ सप्टेंबरला तिथे लाठीमार झाला, आणि आठवड्याभरात सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मराठवाड्यातल्या निजामकालीन कागदांत 'कुणबी' अशी नोंद कुठे कुठे आहे, ते शोधायचं होतं. खासरा पत्रक, कुळ नोंदवही, गाव नमुना १४ म्हणजे जन्म-मृत्यूचं रजिस्टर, शाळेची प्रवेश-निर्गम नोंदवही, १९५१चं नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर, कारागृहाची आणि पोलिसांची दप्तरं, सगळं उघडलं गेलं. पुढे समितीचं काम राज्यभर वाढलं. २ सप्टेंबर २०२५ला हैदराबाद गॅझेटबद्दलचा शासन निर्णय आला, तेव्हा तर 'गॅझेट' हा शब्द पानटपरीवर पोचला.

आरक्षण कुणाला मिळावं, यावर मी इथे बोलणार नाही. त्यावर आमच्या घरातच दोन मतं आहेत, आणि माझ्या ओबीसी मित्रांच्या घरी तिसरं. दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या पोरांच्या काळजीनंच बोलतात, एवढं मला माहीत आहे. मला पडलेला प्रश्न वेगळा होता. हे कागद वाचणार कोण?

ज्यांनी लिहिलं त्यांची लिपी

मराठवाडा १९४८पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. सेनगाव तेव्हाच्या परभणी जिल्ह्यात. हिंगोली जिल्हा झाला तो १ मे १९९९ला. पहिला सालारजंग १८५३मध्ये दिवाण झाला आणि पुढच्या तीस वर्षांत त्यानं संस्थानचा कारभार नव्यानं बसवला. जिल्हे आखले, पगारी अधिकारी नेमले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर आपल्याकडच्या जमिनीची मोजणी झाली. १८८१मध्ये संस्थानात पहिली जनगणना झाली.

म्हणजे कागद भरपूर होते. पण वरच्या कचेरीची भाषा आधी फारसी आणि १८८०च्या दशकापासून उर्दू. गावातला पटवारी मात्र मराठीत लिहायचा, तेही मोडीत. त्यामुळे एकाच गावाची हकीकत दोन भाषांत, दोन लिप्यांत विखुरलेली. वर साल फसली. हैदराबादच्या फसली सालात ५९० मिळवले की साधारण इसवी सन येतं. फसली १३४७ म्हणजे १९३७-३८. आमच्या धंद्यात तारखेचा फॉरमॅट चुकला तर अख्खा रिपोर्ट चुकतो. इथे तर कॅलेंडरच वेगळं.

विसाव्या शतकाच्या मध्यात मोडी कचेऱ्यांतून गेली. उर्दू वाचणारी मराठी कारकुनांची पिढीही संपत आली. उरले ते कागद.

मी मोडीच्या ऑनलाइन वर्गात नाव घातलं. शनिवार-रविवार, दोन-दोन तास. वर्गात निवृत्त तलाठी होते, एक वकीलबाई होत्या, दोन-तीन पीएच.डी. करणारी मुलं होती, आणि माझ्यासारखे, ज्यांच्या काकांनी फोटो पाठवला होता असे बरेच. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद जवळजवळ नसतो, शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, आणि लिहिणारा कारकून घाईत असेल तर पूर्ण शब्दाऐवजी पहिलं अक्षर टाकून पुढे जातो. तीन महिन्यांनी मला काकांचा कागद अडखळत वाचता आला. पणजोबांचं नाव होतं. त्यांच्या वडिलांचं होतं. आणि पुढे एकच अक्षर होतं : 'कु'.

काकांना फोन केला. ते खूश. "झालं की मग! कुणबी!"

मी फोटो वर्गातल्या सरांना दाखवला. त्यांनी झूम करून पाहिला आणि विचारलं, "हेडिंग कुठंय?"

काकांनी फक्त आमच्या नावाची ओळ कापून फोटो काढला होता. पानाचा वरचा भाग नव्हता. रकान्याला नाव नाही, रजिस्टरचं नाव नाही, साल नाही. सर म्हणाले, "'कु' म्हणजे कुणबी असेल. कुळ असेल. दुसरंही काही असेल. अख्खं पान पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही."

मी काकांना तेच सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "एवढं शिकून एक अक्षर सांगता येईना होय रे?"

मोजणारे कोण होते

त्या वाक्यानं मी थोडा दुखावलो आणि वाचायला लागलो. मला वाटलं होतं तसं 'समाजशास्त्र' नावाचं एक पुस्तक नसतं. अर्थशास्त्र, इतिहास, राज्यशास्त्र, मानववंशशास्त्र हे सगळे मिळून एकच जुनाट काम करतात : माणसांची नोंद कशी करायची आणि दुसऱ्यानं केलेली नोंद कशी वाचायची, ते ठरवतात. हे काम आपल्याकडे कुणी केलं, हा इतिहास वाचण्यासारखा आहे.

पुण्यात १९३०मध्ये गोखले इन्स्टिट्यूट सुरू झाली. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. त्यांच्या माणसांनी गावोगाव फिरून शेतकऱ्याचा खर्च, कर्ज, जमिनीचे तुकडे मोजले. त्याच संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१मध्ये 'पॉव्हर्टी इन इंडिया' लिहिलं. गरिबी कशी मोजायची याचा वाद तेव्हापासून अजून मिटलेला नाही. दांडेकरांच्याच अध्यक्षतेखालच्या समितीनं १९८४मध्ये राज्याच्या प्रादेशिक असमतोलाचा अहवाल दिला, आणि मराठवाड्याच्या तोंडात 'अनुशेष' हा शब्द कायमचा बसला. रस्ते, सिंचन, शाळा यांत आपण राज्याच्या सरासरीच्या किती मागे आहोत, ते पहिल्यांदा आकड्यात आलं. आज आमच्या गावातला कुणीही पुढारी भाषणात अनुशेष म्हणतो. तो शब्द एका मोजणीतून आलाय हे त्याला माहीत नसतं. मलाही नव्हतं.

आणि आपण? १९१८मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं, शिक्षणाचं माध्यम उर्दू. मराठवाड्यातल्या पोराला पदवी हवी तर तिकडे जायचं. १९५०मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादला कॉलेज काढलं, जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखलं गेलं. त्याच सुमारास नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झालं. मराठवाडा विद्यापीठ आलं ते ऑगस्ट १९५८मध्ये. त्याला बाबासाहेबांचं नाव मिळायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. मधल्या काळात नामांतरासाठी माणसं मेली, घरं जळाली. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ निघालं, आणि आज सेनगावची कॉलेजं त्याच्या कक्षेत आहेत.

म्हणजे आपल्याला मोजायला शिकवणारं विद्यापीठ आपल्या जवळ आलं, तेव्हा माझे आजोबा तरुण होते आणि आमची पोरं शहाणी होऊन इंजिनिअरिंगकडे वळायला अजून चाळीस वर्षं होती. ती वळली, मीही वळलो. दहावीला इतिहासात मला चांगले मार्क होते. "त्यात काय ठेवलंय," असं कुणी म्हणायची गरजही पडली नाही. ते ठरलेलंच होतं. आर्ट्स म्हणजे ज्याला दुसरीकडे कुठे जागा मिळत नाही त्यानं जायची जागा.

४६ लाख जाती

२३ जानेवारी २०२४पासून राज्य मागासवर्ग आयोगाचं सर्वेक्षण झालं. शाळेतले गुरुजी, महसूलचे कर्मचारी मोबाइलवर ॲप घेऊन घरोघरी फिरले. मी त्या आठवड्यात गावी होतो. आमच्या शेजारचे गुरुजी थकून ओट्यावर टेकले आणि म्हणाले, "शंभराच्या वर प्रश्न हायेत. घर, जमीन, विहीर, शिक्षण ठीक हाय. पण विधवा बाईला कुंकू लावू देता का, हे नवऱ्यासमोर बायकोला कसं विचारू? ती आधी नवऱ्याच्या तोंडाकडं बघती आन् मंग उत्तर देती."

हा कुठल्या एका सर्वेक्षणाचा दोष नाही. प्रश्नावली जन्मली तेव्हापासूनची ही अडचण आहे. उत्तर देताना समोर कोण बसलंय, त्यावर उत्तर बदलतं. ॲपमध्ये 'हो' आणि 'नाही' अशी दोन बटणं असतात. ती बाई नवऱ्याकडे बघून मग बोलली, याला बटण नसतं. सामाजिक शास्त्राचा विद्यार्थी तो क्षण टिपायला शिकतो. मी मात्र अशी बटणं बनवून देणारा माणूस आहे.

दुसरं उदाहरण आमच्याच घरातलं. वडील, मोठे काका आणि आत्या, तिघांची जन्मतारीख १ जून. तुमच्याही घरात असेल. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजानं वय धरलं आणि जूनची पहिली तारीख लिहिली. मी आधी असल्या डेटाला 'गचाळ' म्हणालो असतो. पण लोकसंख्याशास्त्रात याचा रीतसर अभ्यास होतो. जनगणनेत माणसं वय सांगताना ०नं आणि ५नं संपणारे आकडे जास्त सांगतात. तो कल किती आहे, ते मोजायला व्हिपल निर्देशांक नावाचं साधन आहे. चुकीचा आकडाही काही सांगत असतो. १ जूनची गर्दी सांगते की त्या गावात जन्माची नोंद शाळेच्या दारात व्हायची, घरात नाही.

तिसरं उदाहरण सगळ्या देशाचं. जातनिहाय पूर्ण मोजणी शेवटची झाली १९३१मध्ये. त्यात ४,१४७ जाती आल्या. २०११च्या सामाजिक-आर्थिक व जात सर्वेक्षणात लोकांनी सांगितलेल्या जातींची नावं जशीच्या तशी लिहून घेतली, आणि आकडा निघाला ४६ लाखांच्या वर. केंद्र सरकारनं २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयात ही माहिती दिली. प्रकरण महाराष्ट्राच्याच याचिकेचं होतं. भारतात ४६ लाख जाती नाहीत. कुणी आडनाव सांगितलं, कुणी कूळ, कुणी गोत्र, कुणी पोटजात, आणि प्रत्येक गणकाचं स्पेलिंग वेगळं. आम्ही इंजिनिअर म्हणू, ड्रॉपडाऊन द्यायचा होता. पण ड्रॉपडाऊनमध्ये काय असावं, हे कोण ठरवणार? यादीत नाव नसलेला माणूस कुठे जाणार? बर्नार्ड कोहन या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञानं ब्रिटिश जनगणनेवर लिहिताना हाच मुद्दा मांडला होता : सरकार प्रश्न विचारतं, तेव्हा लोक स्वतःकडे त्या प्रश्नातून पाहायला लागतात. मोजणी म्हणजे नुसता आरसा नसतो. समोरच्यानं कसं उभं राहायचं, तेही ती सांगते.

आता पुढची जनगणना येते आहे. संदर्भ तारीख १ मार्च २०२७. पहिल्यांदाच डिजिटल, आणि ३० एप्रिल २०२५च्या केंद्राच्या निर्णयानुसार तिच्यात जातीचीही नोंद होणार. म्हणजे काकांच्या फोटोतल्या रजिस्टरसारखंच एक नवं रजिस्टर आपण भरणार आहोत. ऐंशी वर्षांनी कुणाचा तरी पणतू ते उघडेल.

बहिणीचा फील्ड प्रोजेक्ट

काकांची मुलगी, माझी धाकटी चुलतबहीण, २०२२ला दहावी झाली. मी शिकलो त्यानंतर पुस्तकं बदलली होती. २०१८पासूनच्या दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकाचा पहिलाच धडा 'इतिहासलेखन : पाश्चात्य परंपरा'. त्यात रांके आहे, मार्क्स आहे, फुको आहे. दुसरा धडा भारतीय परंपरेचा, तिसरा 'उपयोजित इतिहास'. मी पुस्तक चाळलं तेव्हा वाटलं, सेनगावात बसून पोरं फुको पाठ करणार, आणि तोही दोन मार्कांच्या रिकाम्या जागेसाठी. पण तिला ते धडे आवडले. 'साधनं' हा शब्द तिला तिथे भेटला.

बारावीनंतर २०२४ला ती म्हणाली, बीए करते, इतिहास घेते. काका चिडले. मला फोन आला, "तूच समजाव तिला." मी समजावलं. बीसीए कर, पुण्याला ये, जॉब मिळेल. माझ्या त्या फोनची मला आज लाज वाटते. ती ऐकली नाही, हे बरं झालं.

त्याच वर्षीपासून राज्यातल्या संलग्न कॉलेजांत नवं शैक्षणिक धोरण आलं. पदवी तीन किंवा चार वर्षांची, चौथ्या वर्षी हवं तर संशोधन. मधे फील्ड प्रोजेक्ट, समाजकार्याचं क्रेडिट. एम.फिल. बंद. कागदावर हे चांगलं दिसतं. पण एका विषयाला एक प्राध्यापक, ग्रंथालयात जुनी पुस्तकं, बरीच मुलं सोयाबीनच्या काढणीला घरी, अशा तालुक्याच्या कॉलेजात फील्ड प्रोजेक्ट म्हणजे बहुतेकदा गुगलवरून उतरवलेली वीस पानं. तिच्या मॅडमनी मात्र अट घातली : स्वतःच्या गावचा एक कागद निवडायचा आणि त्याच्याबद्दल जे सांगता येतं तेवढंच लिहायचं.

तिनं वडिलांचा फोटो निवडला.

तेवढ्यात माझ्या धंद्यातली माणसंही या कामाला लागली होती. २०२५मध्ये आयआयटी रुरकीच्या गटानं मोडी हस्तलिखितांचं देवनागरीत रूपांतर करणारं एआय मॉडेल तयार केलं, त्यासाठी दोन हजारांहून जास्त मोडी चित्रांचा संच बनवला. ते वाचून मला आनंद झाला. लाखो पानं माणसानं वाचायची म्हटली तर शतक जाईल. पण मॉडेलनं आमचा फोटो अचूक वाचला असता तरी 'कु'चं 'कु'च सांगितलं असतं. हेडिंग त्यालाही दिसलं नसतं.

बहिणीनं अर्ज केला, मॅडमचं पत्र जोडलं, दोनदा परत आली, तिसऱ्यांदा रेकॉर्ड रूममध्ये बसली. आणि गेल्या महिन्यात मला फोटो पाठवला. या वेळी अख्खं पान. वर साल : फसली १३४७. रकान्याचं हेडिंग मी दोनदा वाचलं : 'वहिवाट'. म्हणजे जमीन कोण कसतं. रकान्यात वरपासून खालपर्यंत दोनच प्रकारची अक्षरं होती. काही नावांपुढे 'खु', काहींपुढे 'कु'. आमच्या भाषेत सांगायचं तर त्या फील्डला दोनच व्हॅल्यू होत्या. 'खु' म्हणजे खुद्द, मालक स्वतः कसतो. 'कु' म्हणजे कुळ. खात्री करायला तिनं पुढची तीन पानं पाहिली. 'कु' असलेल्यांत माळी होते, मुसलमान होते, धनगर होते, आम्हीही होतो.

ही एका रजिस्टरच्या चार पानांची गोष्ट आहे, नीट लक्षात घ्या. समितीला सापडलेल्या नोंदींत 'कुणबी' असं स्पष्ट, पूर्ण लिहिलेले कागद आहेत, आणि त्या प्रत्येकाची तपासणी त्याच्या त्याच्या पानावरच व्हायला हवी. आमच्या पानावर जे होतं ते हे होतं.

काकांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. वाटलं, रागावतील. धाकट्याची ॲडमिशन त्या कागदाविनाच झाली होती, तो राग होताच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजी आपली जमीन आपली नव्हती?"

आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या सांगतात की ही जमीन वाडवडिलांची. १९५०मध्ये हैदराबाद राज्यात कुळवहिवाटीचा कायदा झाला. जमीन कसणाऱ्या कुळाला संरक्षण मिळालं, पुढे ती विकत घ्यायचा हक्क मिळाला. पणजोबांना जमीन तशी मिळाली का, कधी, किती पैसे भरून, हे पुढच्या कागदांत असेल. त्यांच्या आधी मालक कोण होता, त्याचं पुढे काय झालं, हेही.

"कुणाचं कुळ होते ते, लिवलंय का?" काकांनी विचारलं.

मी म्हटलं, "काका, मला नाही माहीत. तिला विचारा."

फोन ठेवता ठेवता त्यांचा आवाज ऐकू आला, घरात हाक मारत होते, "अगं, इकडं ये बरं. परवा कचेरीत जायचंय म्हणत होतीस, गाडी काढू का?"